रविवारची तालीम, मंगळवारची फुगडी

सुनेच्या मंगळागौरीला दोन दिवस राहिले असताना मी माझ्या विहीणबाईंना दुपारभर फुगड्या घालायला लावल्या. ज्या बाईने चार वर्षं रिंगणात पाय टाकला नव्हता, तिला. आणि कशाच्या जोरावर, तर आधी तासभर पाय ताणून घेतले की नंतर अंग दुखत नाही, या माझ्या ज्ञानाच्या जोरावर. हे ज्ञान मला कुठे झालं ते सांगतेच, पण आधी कबूल करून टाकते की इतका पक्का मूर्खपणा मी त्याआधी केला नव्हता आणि नंतरही केला नाही. नंतरचे सगळे कच्चे होते.

तेव्हा मी एकसष्ट वर्षांची तरुणी होते. हसू नका. आता सत्तरीच्या उंबऱ्यावरून बघितलं की ती बाई मला खरंच पोरसवदा वाटते. नुकतीच नोकरीतून सुटलेली, केस कापलेले, पायात लेकाने आणून दिलेले जांभळ्या नाडीचे बूट आणि जगातल्या प्रत्येक विषयावर मत तयार. पार्ल्यात अशा बायका पैशाला पासरी मिळतात, पण त्यांच्यातही आपण उठून दिसतो असा माझा समज होता.

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये तेव्हा ज्येष्ठांसाठी व्यायामाचा वर्ग निघाला होता. शिकवायला एक तरुण मुलगी यायची. ती आम्हाला लोणच्याच्या बरण्या हाताळाव्यात तशी हाताळायची. खुर्चीची पाठ धरून पोटऱ्या ताणा, भिंतीला हात टेकून मांड्या ताणा, मान इकडे, मान तिकडे. मग दीर्घ श्वास, मग डोळे मिटून बसणं, की संपला वर्ग. दीड महिना मी एकही दिवस न चुकवता गेले आणि एकदाही अंग दुखलं नाही. त्यावरून मी सिद्धांत मांडला, की ताणल्यामुळे अंग दुखत नाही. वास्तविक अंग दुखावं असं त्या दीड महिन्यात मी काही केलंच नव्हतं. छत्री उघडून घरात बसायचं आणि भिजले नाही म्हणून छत्रीचं कौतुक करायचं, त्यातला प्रकार. पण हे आत्ता सुचतंय. तेव्हा मी हा सिद्धांत भाजीवालीलासुद्धा ऐकवला होता.

आता मंगळागौरीकडे येते. सून घाटकोपरची, माहेर मूळचं कोकणातलं. तिचे वडील गिरणीत होते, गिरणी गेल्यावर एका इमारतीत पहारेकरी झाले आणि लेकीचं लग्न ठरायच्या आधीच गेले. विहीणबाई एका शाळेत बालवाडीची मुलं सांभाळायच्या. पहिली मंगळागौर खरं तर माहेरी व्हायची, पण त्यांच्याकडे ही पद्धतच नाही. त्यांच्या फुगड्या असतात त्या गावी, गणपतीत, गौरींपुढे. तेव्हा आमच्याकडेच करायचं ठरलं. सकाळी घरी पूजा, संध्याकाळी हॉलमध्ये खेळ.

आमंत्रणं सुरू झाली आणि एके दिवशी सून स्वयंपाकघरात माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. शेंगा निवडायला घेतल्या, पण निवडेचना. मग म्हणाली, "आई, मम्मी गावात फुगडीला उभी राहिली की बाकीच्या बसून घ्यायच्या. पप्पा गेल्यापासून ती गौरीत दाराजवळ बसते, चहाचा ट्रे घेऊन. कोणी बस म्हणालं नाही, आपणच बसते. माझ्या मंगळागौरीत तिने एक फुगडी घालायला हवी. ती तिथे पण ट्रे घेऊन बसणार असेल तर मला हे खेळबिळ नकोतच."

लग्न होऊन मुलीला तीन महिने झाले होते. तिने तोवर माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, साधा पंखा वाढवायलाही नाही. मी लगेच हो म्हटलं. त्यात तिच्याबद्दलची माया होती, नाही असं नाही. पण आपण किती पुढारलेल्या, हे दाखवायची संधी आली याचा आनंद त्याहून थोडा जास्त होता, हेही लिहायला हवं.

दुसऱ्याच दिवशी मेट्रोने घाटकोपर गाठलं. विहीणबाईंनी घावणे घातले, चहा केला आणि मी विषय काढताच उठून गॅस पुसायला लागल्या. गॅस स्वच्छ होता. तुमच्यात हे चालतं का, तुमची माणसं काय म्हणतील, मुलीला कोणी बोललं तर, असं त्या गॅसकडे बघूनच विचारत होत्या. मी भाषण दिलं. काळ बदलला, आम्ही असलं काही मानत नाही, आमच्याकडे सगळे शिकलेले. त्यांनी ऐकून घेतलं. मग मी भाषण संपवून म्हटलं की तुमच्या लेकीने मागितलंय हो, मला नाही सुचलेलं. तेव्हा कुठे त्या वळल्या.

"एकच," त्या म्हणाल्या. "चेडवाबरोबर एकच फुगडी. मग मी बसणार."

चेडू म्हणजे लेक, एवढं मला सुनेकडून कळलं होतं. पण मग त्यांना दुसरीच भीती वाटायला लागली. चार वर्षांत पाय हलवले नाहीत, चक्कर आली, तोल गेला, सगळ्यांदेखत पडलं तर? लोक म्हणतील, बसली असती तर बरं झालं असतं. एकदा घरच्या घरी खेळून बघायला मिळालं, कोणी नसताना, तर धीर येईल.

मी म्हटलं, त्यात काय, मी आहे ना.

माझी मुलगी मुलुंडला असते आणि फिजिओथेरपिस्ट आहे. लोक रांगा लावून तिला आपले गुडघे दाखवतात. पण तिच्या वेण्या मी घातलेल्या असल्यामुळे घरात तिचं ऐकायचं नाही असा आमचा रिवाज आहे. तिला फोन केला तो सल्ला विचारायला नव्हे, बातमी द्यायला. ती म्हणाली, छान आहे, मग आजपासूनच सुरुवात करा. रोज थोडं थोडं. पाच-दहा मिनिटं हळू फुगडी, हातातल्या हातात, दोन आठवड्यांत पाय तयार होतील. मी म्हटलं, अगं, त्या घाटकोपरला, मी इथे, सुनेची बँक, त्यांची शाळा. गौर मंगळवारी येते आणि सुट्टी रविवारी येते. नोकरी करणाऱ्या घरात तालीम दुसरी कधी होणार? आदल्या रविवारी एकदाच दणकून करू.

"रविवारी दणकून खेळलात तर मंगळवारी रडाल," ती म्हणाली. "असलं दुखणं त्याच दिवशी येत नाही, आई. दुसऱ्या दिवशी चाहूल लागते आणि तिसऱ्या दिवशी हात धुऊन मागे लागतं."

मी विजयी स्वरात सांगितलं की आम्ही आधी तासभर ताणणार आहोत. मग तिने समजावलं, की ताणल्याने अंग दुखायचं थांबत नाही, आधी ताणा नाही तर नंतर ताणा, त्याने फारसं काही बिघडत नाही आणि फारसं काही साधतही नाही. शरीराला नवीन असलेलं काम एकदम खूप केलं की दुखतं, आणि थोडं थोडं करत गेलं की कमी दुखतं. मी म्हटलं, तू पुस्तकातलं सांगतेस, मी दीड महिना अनुभव घेतेय. आणि कुकरची शिट्टी झाली असं खोटं सांगून फोन ठेवला.

रविवारी दुपारी विहीणबाई आल्या. नवऱ्याने सोफा भिंतीला सरकवला, खाली राहणाऱ्यांना फोन करून सांगितलं की आज वर जे काही होईल तो भूकंप नाही, आणि पेपर घेऊन आतल्या खोलीत गेला. सुनेने गालिचा गुंडाळला. मी जांभळ्या नाडीचे बूट घालून मध्यभागी उभी.

तासभर मी दोघींना ताणलं. खिडकीच्या ग्रिलला धरून पोटऱ्या, जेवणाच्या खुर्चीला धरून मांड्या, फ्रिजला हात टेकून खांदे. आमच्या शिक्षिकेचे सगळे शब्द, शिवाय दोन-चार माझे स्वतःचे. विहीणबाई लुगड्याचा काष्टा घातल्यासारखी साडी खोचून गुमान सगळं करत होत्या. एकदाच त्यांनी विचारलं, "ताई, खेळायचा कधी?"

मी म्हटलं, हे नीट झालं की मग कितीही खेळा, उद्या अंगाला कळणारसुद्धा नाही.

हेच ते वाक्य. कितीही खेळा. त्या बिचाऱ्या एका फुगडीसाठी आल्या होत्या.

मायलेकींनी हात धरले, पावलं जुळवली आणि पहिल्या दोन फेऱ्या अगदी जपून घेतल्या. तिसऱ्या फेरीला विहीणबाईंचं अंग मागे झुकलं आणि मग मी जे बघितलं ते सांगणं अवघड आहे. घाटकोपरच्या त्या अबोल बाई, गॅस पुसत बोलणाऱ्या, त्या तिथे नव्हत्याच. पाय एका जागी रोवलेले, वेणी सुटून आडवी झालेली आणि तोंडाने फुगडीचा तो फू-फू आवाज, दमदार, भात्यासारखा. सून ओरडत होती, मम्मी बस, मम्मी बस, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी. मग त्यांनी मला ओढलं. मग बसफुगडी सुचली, उकिडवं बसून एकेक पाय पुढे फेकायचा ती. मग कोंबडा, त्यातही उकिडवंच, उड्या मारत. मग त्यांच्या गावाकडचा कसलासा प्रकार, तिघींनी हात गुंफून. मी आमच्याकडचा झिम्मा दाखवला, त्यांनी तो एकदा बघितला आणि दुसऱ्यांदा माझ्यापेक्षा बरा केला. दिवेलागण होईपर्यंत कोणी थांबलंच नाही. थांबवायचं काम माझं होतं. मी तर कोंबडा होऊन सोफ्याच्या कडेने फिरत होते.

जाताना विहीणबाईंचा चेहरा उजळलेला होता. जिन्यावरून वळून म्हणाल्या, जमतला हो, ताई.

सोमवारी सकाळी पाय थोडे जड वाटले. संध्याकाळी त्यांचा फोन आला, पोटऱ्यांत वाईच कळ येते म्हणाल्या. मी म्हटलं, बघा, एवढंच, न ताणता खेळला असतात तर आज अंथरुणात असता. मुलीला मी मुद्दाम फोन करून हे कळवलं. ती म्हणाली, आज सोमवार आहे.

मंगळवारी पहाटे मी पलंगावरून पाय खाली सोडले आणि ते माझे नव्हेतच असं वाटलं. कोणीतरी रात्री येऊन मांड्यांमध्ये ओली रेती भरून गेलं होतं. उभं राहणं एक वेळ जमत होतं, बसणं नाही. कमोडवर मी दोन्ही हातांनी नळाचा पाइप धरून, देवाचं नाव घेत, शेवटच्या वीतभर अंतरात सरळ स्वतःला सोडून दिलं. आवाज ऐकून नवऱ्याने बाहेरून विचारलं की तासभर ताणलं होतंस ना. एवढ्या वर्षांच्या संसारात त्या माणसावर मी इतकी कधी चिडले नव्हते, कारण मला उठून दार उघडून चिडता येत नव्हतं.

सुनेला मात्र फारसं काही झालं नव्हतं. ती वयाने लहान, आणि बँकेत जाता-येता रोज जिने चढून-उतरून पाय सवयीचे. थोडं भरून आलंय म्हणाली आणि पूजेला बसली. माझ्या मनात तेव्हा एकच, की माझं हे असं, तर विहीणबाईंचं काय?

संध्याकाळी लेक त्यांना गाडीतून घेऊन आला. त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं की त्यांच्या इमारतीचे दोन मजले त्या कठडा धरून, तोंड भिंतीकडे करून, आडव्या आडव्या उतरल्या. का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, नवी चप्पल चावते. हॉलमध्ये त्या ताठ चालत आल्या. ठेवणीतली गर्द निळी साडी, केसात फुलं नाहीत, पण वेणी घट्ट घातलेली. फुगडीत सुटू नये अशी.

हॉल भरलेला होता. माझी मोठी नणंद बोरिवलीहून आली होती, आमच्या घरातली सगळ्यात वडील. वन्सं मनाने वाईट नाहीत. त्यांनी विहीणबाईंना बघितलं, उठून त्यांचा हात धरला आणि भिंतीकडेला, पंख्याखाली, एक खुर्ची ओढून दिली. तुम्ही इथे निवांत बसा, तुम्हाला बरं पडेल. त्यात तुसडेपणा नव्हता. वर्षानुवर्षं अशा बायकांना अशाच ठिकाणी खुर्ची दिली जाते, तशी त्यांनी दिली. विहीणबाई हळूच टेकल्या. शेवटच्या वीतभर अंतरात त्यांनीही स्वतःला सोडून दिलं, ते फक्त मला कळलं.

खेळ सुरू झाले. थोड्या वेळाने सून रिंगणातून निघाली आणि आईसमोर जाऊन दोन्ही हात पुढे केले. गाणी चालू होती, तरी बऱ्याच जणींचं लक्ष तिकडे गेलं. विहीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नको. सुनेने पुन्हा हात पुढे केले. त्यांनी पुन्हा मान हलवली आणि तिचे हात आपल्या हातांनी हळूच खाली केले.

वन्सं शेजारणीला म्हणाल्या, "समजूतदार आहेत हो बाई. सांगावं लागलं नाही."

सुनेने ते ऐकलं. तिचा चेहरा मला अजून आठवतो. ती रडली नाही, रागावली नाही, फक्त परत फिरताना तिने पदर कमरेतून सोडला. तिच्या दृष्टीने तिची आई पुन्हा दाराजवळ ट्रे घेऊन बसली होती, आणि या वेळी कोणी बसवलं तर आमच्या घराने.

मी भिंत धरत धरत विहीणबाईंपाशी गेले. वाकून विचारायची सोय नव्हती, म्हणून उभ्यानेच, खालच्या आवाजात म्हटलं, पाय ना? त्यांनी डोळ्यांनी हो म्हटलं. मग सांगा ना तिला, मी म्हटलं, ती भलतंच समजून बसली आहे.

"नको, ताई," त्या म्हणाल्या. "पाय म्हटलं की कशानं ते इचारतील. मग तुमचं नाव येईल. मुलीच्या सासूक हसतील ही सगळी. त्यापरीस असूदे, मी अशीच बसतंय."

चार वर्षांनी जी एक फुगडी हातात आली होती, ती ही बाई माझी लाज झाकायला सोडून देत होती. मुलीची आई म्हणून. लेकीच्या सासरच्या माणसाला आपल्यामुळे कमीपणा यायला नको, म्हणून आपल्या लेकीचा गैरसमजही चालवून घेत होती. आणि मी, पुढारलेली, घाटकोपरला जाऊन काळ बदलल्याचं भाषण देणारी, माझ्याजवळ सोडण्यासारखं काय होतं? जांभळ्या नाडीचे बूट.

मग मी रिंगणाच्या मध्ये जाऊन उभी राहिले. गाणी थांबवायला सांगितली आणि सगळं सांगून टाकलं. दीड महिन्याचा वर्ग, भाजीवालीला ऐकवलेला सिद्धांत, मुलीला सांगितलेली कुकरची खोटी शिट्टी, फ्रिजला टेकलेले हात. कमोड आणि नळाचा पाइपही. सांगता सांगता मला जोर चढला आणि मी शेवटच्या वीतभर अंतराचं प्रात्यक्षिकही करून दाखवायला गेले. ते अर्ध्यात अडकलं. ना खाली, ना वर. खेळांसाठी मुलुंडहून आलेल्या माझ्या मुलीने मागून येऊन काखेत हात घातले तेव्हा मी सरळ झाले.

हॉल इतका हसला की गेटवरच्या वॉचमनने येऊन डोकावलं. सगळ्यात मोठ्याने वन्सं हसल्या. त्यांना माझ्यावर हसायची अनेक वर्षांची थकबाकी होती. हसून झाल्यावर मी म्हटलं, या बाई खुर्चीत बसल्यात त्या कुठल्या रीतीमुळे नाहीत, माझ्यामुळे बसल्यात. त्यांना उठता येत नाहीये आणि माझं नाव येऊ नये म्हणून त्या तुम्हाला सांगत नाहीयेत.

मग हसणं थांबलं. सून आईकडे बघत होती. मुलगी पुढे झाली, विहीणबाईंसमोर खाली बसली, त्यांचे पाय हातात घेऊन दाबून पाहिले, सूज आहे का, एकाच जागी सुई टोचल्यासारखं दुखतंय का, असं काय काय विचारलं. मग म्हणाली, काही मोडलेलं नाही, काही तुटलेलं नाही, नुसते भरून आलेत, दोन-तीन दिवसांत आपोआप जाईल. बसफुगडी नाही, कोंबडा तर नाहीच. पण उभ्याची एक फुगडी हळू घालायला हरकत नाही. उलट थोडं हललं की तेवढ्यापुरतं बरंच वाटेल. घालायची की नाही ते काकूंनी ठरवायचं.

सगळ्या विहीणबाईंकडे बघायला लागल्या. त्या मात्र वन्संकडे बघत होत्या.

वन्संना वेळ लागला. मला तेव्हा तो फार वाटला, आता वाटतं की आयुष्यभराची सवय मोडायला तेवढा लागणारच. मग त्या उठल्या, खुर्चीपाशी गेल्या आणि हात पुढे केला.

"उठा हो विहीणबाई," त्या म्हणाल्या. "हिच्या शहाणपणाची शिक्षा तुम्ही कशाला भोगताय?"

एका बाजूने वन्सं, दुसऱ्या बाजूने सून. विहीणबाई ओठ दातांखाली दाबून उठल्या. रिंगण मोकळं झालं. मायलेकींनी हात गुंफले, पावलं जुळवली. रविवारसारखं काही झालं नाही, ते आधीच सांगते. वेणी आडवी झाली नाही. पहिल्या फेऱ्या तर इतक्या हळू होत्या की जणू दोघी एकमेकींना सांभाळून पाण्यातून नेत होत्या. मग पाय जरा सैल झाले असावेत, कारण विहीणबाईंनी अंग थोडं मागे टाकलं आणि तो फू-फू आवाज सुरू केला. दबका, पण तोच. भिंतीकडच्या बायकांनी तोंडाने साथ धरली. वन्संनीसुद्धा. सुनेचा पदर पुन्हा कमरेत खोचलेला होता, कधी खोचला ते मी पाहिलं नाही. मला डोळे पुसायचे होते आणि रुमाल खाली पडला होता. तो उचलायला वाकणं माझ्या आवाक्याबाहेर होतं.

एकच फुगडी झाली. ठरल्याप्रमाणे मग त्या बसल्या, पण खुर्ची वन्संनी रिंगणाच्या कडेला आणून ठेवली होती.

भाजणीचे वडे आणि मटकीची उसळ वाढताना मुलीने मला कोपऱ्यात गाठून पुन्हा सगळं समजावलं, या वेळी कुकर नव्हता. मी सगळं मान्य केलं. अजूनही मान्य आहे. नात आता शाळेत धावण्याच्या शर्यतीत असते आणि मैदानावर जायच्या आधी गॅलरीचा कठडा धरून पाय ताणते. मी तिला अडवत नाही, वाटतं बरं तर ताणावं बापडीने. फक्त विचारते, कालपेक्षा आज किती जास्त धावणार आहेस? थोडंच, असं म्हणाली की मी निश्चिंत.

त्या संध्याकाळी सगळ्या गेल्यावर लेक गाडी काढायला गेला. हॉलला बाहेरच्या बाजूने चार पायऱ्या आहेत. विहीणबाई आणि मी त्यांच्या तोंडाशी उभ्या राहिलो आणि एकमेकींकडे बघितलं. मग दोघीही वळलो आणि कठडा धरून, पाठीमागच्या पाठीमागे, एकेक पायरी उतरलो. खाली पोहोचल्यावर मी त्यांची माफी मागितली. नीट, गंमत न करता. किती दुखलं असेल तुम्हाला, मी म्हटलं.

त्यांनी दोन्ही मांड्या चोळल्या. मग म्हणाल्या, "चार वर्षं कुठे काय दुखलंच नव्हतं हो, ताई. अंग आहे ह्याचाच इसर पडलेला. पुढच्या मंगळवारी कोणाकडे गौर असली तर मला बोलवा. फक्त ते ताणायचं नको."